मदत हवी आहे: दाभोळच्या डायटमच्या स्लाइडमध्ये या सुया कसल्या?

नमस्कार मंडळी. मी कराडला एम.एस्सी. बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट दाभोळ खाडीतल्या डायटमवर, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म, एकपेशीय शैवलांवर. सबमिशनला २१ दिवस राहिलेत आणि परवापासून माझ्याच आकड्यांवरचा माझा विश्वास उडालाय.

सातारा जिल्ह्यात बसून समुद्राचा विषय कशाला, हे घरीदारी सगळेच विचारतात, म्हणून ते आधी सांगते. कोयना प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पाणी बंगालच्या उपसागराला जातं, एवढं आपण शाळेत शिकतो. पण धरणाचं बरंचसं पाणी उलट दिशेला, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे उतरतं, वीज करून वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून दाभोळला अरबी समुद्र गाठतं. म्हणजे पाटणच्या डोंगरातला पाऊस दोन्ही समुद्रांना वाटला जातो. डायटमचं कवच सिलिकाचं, आणि समुद्राला सिलिका मुख्यतः नद्या पुरवतात, खडक झिजून. मग आमच्या काळ्या दगडातली सिलिका दाभोळच्या डायटमना कितपत पोचते, असं डोक्यात आलं. मामा गुहागरला असतो, राहायची सोय होती, मॅडम हो म्हणाल्या. (मॅडमचा विषय गवतं. जीव तोडून मदत करतात, पण समुद्र त्यांनाही नवा.)

नमुने फेरीबोटीच्या धक्क्यावरून, भरतीच्या वेळी घेतले. जाळी स्क्रीन प्रिंटिंगच्या कापडाची, आईने शिवून दिलेली, टोकाला बाटली. ऑक्टोबरचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवला. फॉर्मॅलिन आंबट असतं म्हणून त्यात अंदाजाने चमचाभर बोरॅक्स टाकला. डिसेंबर आणि जानेवारीचे लुगॉल आयोडिनमध्ये (नमुना टिकवायचं तपकिरी द्रावण). कुंभार्ली घाटात कंडक्टरने बाटल्या बघून "चहा नेतीस का गं माहेरी?" म्हणून विचारलं, इतका रंग बरोबर जमला होता.

लॅबमध्ये नमुने सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये उकळले, धुतले, स्लाइडी केल्या. डिसेंबरच्या स्लाइडमध्ये कॉसिनोडिस्कसच्या गोल चाळण्या दिसतात, इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले प्ल्युरोसिग्मा थोडे, आणि बाकी सगळीकडे सुया. लांब, टोकदार, काही ठिकाणी झुबक्याने फुटलेल्या, काही दोन जोडून माशाच्या शेपटीसारख्या. मी त्या थॅलॅसिओथ्रिक्स (सुईसारखा लांब डायटम) म्हणून मोजल्या. निम्म्याहून जास्त तेच निघाले, विविधतेचा शॅनन निर्देशांक धाडकन खाली आला, आणि मी 'कोयनेच्या पाण्यामुळे एकाच प्रजातीचं वर्चस्व' असं दोन पानं लिहूनही बसले.

परवा तेलाची १००ची लेन्स लावली. सुयांवर डायटमच्या नक्षीची एक रेघ नाही. कॉसिनोडिस्कसची भोकं मोजता येतील इतकी स्पष्ट आणि शेजारची सुई नुसती काचेसारखी कोरी. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर हमखास मिळणारे डायटम, कीटोसेरॉस आणि स्केलेटोनिमा माझ्याकडे जवळजवळ नाहीतच. ऑक्टोबरच्या बाटलीत तर फक्त जाड कवचवाले.

सुया डायटम आहेत का? कीटोसेरॉस कुठे गेले? आणि कोयनेबद्दल मी लिहिलंय त्यातलं काही वाचवता येईल का?

कट्टेकरी
डायटमला मराठीत करंडक म्हणतात ना? कुंकवाच्या करंड्यासारखी झाकणाची डबी म्हणून. मी धागा उघडला तेव्हा वाटलं पुरुषोत्तम करंडकाबद्दल आहे. बाकी चालू द्या.

खारंपाणी
ताई, त्या सुया जिप्समच्या आहेत, मी पैज लावायला तयार आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. त्यावर तुम्ही सल्फ्युरिक अ‍ॅसिड ओतलंत, कॅल्शियम सल्फेट झालं, आणि त्याचे स्फटिक नेमके असेच दिसतात: सुया, झुबके आणि ती जोड-शेपटी. शेपटीचं वाचल्यावर मी पुढचं वाचलंच नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका. बंद पडलेला कॅल्क्युलेटर शोधा, त्याच्या डिस्प्लेवरची पोलरायझर फिल्म सोलून दोन तुकडे करा. एक स्लाइडच्या खाली, एक आयपीसवर. वरचा तुकडा फिरवत न्या, मधेच सगळं काळं होईल. त्या अंधारात सुया चमकल्या तर त्या स्फटिक, डायटम नव्हेत. डायटमची सिलिका ओपलच्या जातीची, तिला स्फटिकाची रचना नाही, ती काळीच राहील.

नमुना वाया गेलेला नाही. जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, लिटरला दोनेक ग्रॅम. भरपूर डिस्टिल्ड वॉटर, रात्रभर बसू देणं, वरचं पाणी हलक्या हाताने काढणं, असं पाच-सहा वेळा. पुढच्या वेळी आधी खारं पाणी धुऊन काढायचं, मग पातळ हायड्रोक्लोरिक देऊन शिंपल्यांचा चुरा घालवायचा, पुन्हा धुवायचं, आणि मगच कडक अ‍ॅसिड. हा क्रम आमच्याकडे पहिल्या दिवशी घोकून घेतात, कारण प्रत्येकाने एकदा सुया मोजलेल्या असतात.

निवृत्त मास्तर
अगं, बोरॅक्स चमचाभर? सिलिका आम्लात टिकते आणि अल्कलीत विरघळते. बोरॅक्सने पाणी अल्कली झालं, त्यात नमुना महिनोन्‌महिने राहिला. पातळ कवचाचे गेले, जाड कवचाचे राहिले. ऑक्टोबरची बाटली प्रजातींच्या यादीपुरती वापर. टक्केवारीत धरू नकोस आणि का धरली नाही ते सरळ लिही. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत, लपवल्याचे कापतात.

कीटोसेरॉसची गोष्ट वेगळी. ते साखळीने जगतात आणि प्रत्येक पेशीला चार लांब काटे असतात. त्या काट्यांमुळे बुडायला वेळ लागतो, उजेडाच्या थरात जास्त काळ राहता येतं. कवच अगदी तलम. उकळत्या अ‍ॅसिडमध्ये साखळी सुटते, काटे मोडतात, उरतो तो चुरा. अ‍ॅसिड लावायचं ते भोकांची आणि रेघांची नक्षी बघायला. साखळ्या बघायच्या तर अ‍ॅसिड न लावलेला थेंब घे. लुगॉलची अर्धी बाटली शिल्लक ठेवली आहेस ना?

(धागाकर्ती)
ठेवली आहे, लॅबच्या टेबलाखाली. नशीब.

मास्तर, खारंपाणी, आत्ताच लॅबमधून आले. भावाचा जुना कॅल्क्युलेटर बळी दिला. फिल्म फिरवली, सगळं काळं झालं आणि सुया दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या पेटल्या. सगळ्याच्या सगळ्या. कॉसिनोडिस्कस अंधारात गडप. मी तीन आठवडे जिप्सम मोजत होते. मॅडम आधी हसल्या, मग त्यांनीच चहा मागवला.

मग टेबलाखालच्या बाटलीतला एक थेंब तसाच ठेवला. मास्तर, कीटोसेरॉस आहेत! आयोडिनने पिवळट झालेल्या पेशी, दोन पेशींमध्ये छोटी खिडकी, आणि दोन्ही बाजूंनी केस पिंजारल्यासारखे काटे. एक साखळी १४ पेशींची होती. स्केलेटोनिमाही आहे, बारीक काड्यांनी जोडलेल्या मण्यांसारखा. आणि एक तिकोनी डबी, मधोमध लांब काटा, बहुतेक डिटिलम. सोबत मेलोसिरासारख्या नळकांड्या आहेत, त्या गोड्या पाण्यातल्या असतात ना?

खारंपाणी
हो, ती बहुधा ऑलाकोसायरा. पूर्वी मेलोसिरात धरत. धरणांत आणि संथ नद्यांत भरपूर. तुमच्या खाडीत ती वरून वाहून आलेली पाहुणी. प्ल्युरोसिग्माही तरंगणारा नव्हे, चिखलावर सरपटणारा. उथळ खाडीत भरतीने तळ ढवळला की वर येतो. म्हणून यादी करताना प्रत्येकापुढे 'खाडीचा', 'तळाचा', 'नदीचा' असं लिहा. नुसत्या शॅनन निर्देशांकापेक्षा ते जास्त बोलतं.

अजून एक. तुमच्या जाळीतून बारीक डायटम निसटतात. तेव्हा जाळीत अडकलेल्यांतली टक्केवारी द्या, लिटरमागची संख्या अजिबात देऊ नका. ती हवी असेल तर जाळी न लावता लिटरभर पाणी घ्यायचं, लुगॉल टाकून गाळ बसू द्यायचा आणि मोजायचं.

सांगलीचा पाणीवाला
डायटम मला कळत नाहीत, कोयना कळते. पुराच्या वर्षी आम्ही तिच्याच विसर्गाचे आकडे बघत रात्र काढतो. धरण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातलं पश्चिमेला वळवायची मर्यादा ६७.५ टीएमसी. हे पाणी मे महिन्यातही जातं, त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या आटतात तेव्हा वाशिष्ठी वाहत असते. शिवाय कोयनेचे टर्बाइन विजेची मागणी चढली की जोरात चालतात, म्हणजे पाणी एकसारखं येत नाही. तुम्ही भरतीला नमुना घेतलात तेव्हा धक्क्यावर समुद्राचंच पाणी होतं. कोयनेचं बघायचं तर ओहोटीला आणि वर चिपळूणच्या बाजूला जायला नको का?

निवृत्त मास्तर
पाणीवाले बरोबर बोलले. तुझी दोन पानं काढून टाक, प्रश्न ठेव. प्रश्न चांगला आहे. डायटमना नायट्रोजन आणि सिलिका जवळपास सारख्याच प्रमाणात लागतात. धरणातले डायटम सिलिका आधीच उचलतात, मेले की ती गाळात बसते, आणि खालच्या समुद्राला कमी मिळते. डॅन्यूबवर १९७२ साली आयर्न गेट्स धरण झालं, त्यानंतर काळ्या समुद्रात सिलिका घटून डायटमऐवजी इतर शैवलं फोफावली, अशी मांडणी पुढे झाली. त्यावर वादही झाले. कोयनेचं उलटंही असू शकतं, कारण इथे एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्या खोऱ्यात येतंय. तीन बाटल्यांवर यातलं काहीच ठरत नाही.

पुन्हा जाणार असशील तर सिलिकेटसाठीचं पाणी काचेच्या बाटलीत घेऊ नकोस. काच स्वतःच सिलिका सोडते. प्लॅस्टिकची घे, फ्रीझरमध्ये ठेवू नकोस, थंड ठेव आणि लवकर सिलिका मोजायची मॉलिब्डेटची टेस्ट लाव.

(धागाकर्ती)
शनिवारी सकाळच्या गाडीने निघतेय. मामाला सांगितलंय, तो चिपळूणपर्यंत स्कूटरवर नेईल. ओहोटीला चार ठिकाणी पाणी घेणार, सगळ्या बाटल्या प्लॅस्टिकच्या. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मात्र कॉलेजात नाही. दोन दिवस उसना कुठे मिळेल?

खारंपाणी
कोळंबी प्रकल्पवाल्यांकडे असतोच, त्यांना तलावाचं पाणी रोज बघावं लागतं. मामांना विचारा, गुहागर-दाभोळ पट्ट्यात कुणीतरी ओळखीचं निघेल. मोजण्याआधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून आत दिसणारी रेघ शून्यावर आणा.

(धागाकर्ती)
मामाच्या मित्राच्या मेव्हण्याकडे आहे. बदल्यात त्याला कंदी पेढे हवेत, अर्धा किलो.