वांगावर पहिले मलम कोणते असावे: तिहेरी की अॅझेलेइक?

कृष्णाकाठ (सांगली)

वांगाच्या डागांवर सुरुवातीलाच हायड्रोक्विनोन (रंग फिकट करणारे औषध), ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या जातीचे औषध) आणि स्टेरॉइड यांचे तिहेरी मलम देऊ नये, त्याआधी २० टक्के अॅझेलेइक अॅसिड आणि सनस्क्रीन यांना निदान पाच-सहा महिने द्यावेत, असे माझे मत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणांसह लिहावे.

तिहेरी मलम गुणकारी नाही असे मी म्हणत नाही. क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ साली हे सूत्र मांडले, तेव्हा त्यात ५ टक्के हायड्रोक्विनोन, ०.१ टक्का ट्रेटिनॉइन आणि ०.१ टक्का डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होते. पुढे त्याचे सौम्य रूप आले, ज्यात ४ टक्के हायड्रोक्विनोन, ०.०५ टक्के ट्रेटिनॉइन आणि ०.०१ टक्का फ्लुओसिनोलोन हे स्टेरॉइड आहे. अमेरिकेत २००२ साली त्याला मान्यता मिळाली ती आठ आठवड्यांपर्यंतच्या वापरासाठी. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये मात्र फ्लुओसिनोलोनच्या जागी ०.१ टक्का मोमेटासोन असते आणि ते त्या मात्रेतल्या फ्लुओसिनोलोनपेक्षा कितीतरी जोरकस आहे. खोक्याच्या दर्शनी बाजूला ठसठशीत नाव असते, तर मोमेटासोन फ्युरोएट ही अक्षरे मागच्या बाजूला, घडीजवळ इतकी बारीक छापलेली असतात की चष्मा लावणाऱ्यालाही खोके उजेडात तिरके धरावे लागते.

पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो, म्हणून ट्यूब संपली की दुसरी येते, मग ती जावेला दिली जाते, नणंदेला सुचवली जाते. पुढे कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव वाढते, आणि मलम थांबवले की आग होते. आग थांबते म्हणून पुन्हा तेच मलम लावले जाते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील अनेक केंद्रांवर केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. अॅझेलेइक अॅसिडमध्ये हा फास नाही. ते टायरोसिनेज या रंगद्रव्य घडवणाऱ्या विकराला रोखते आणि मुख्यतः अति काम करणाऱ्या रंगपेशींवर परिणाम करते, त्यामुळे भोवतालची चांगली त्वचा फिकट पडत नाही. ३२९ स्त्रियांवर २४ आठवडे चाललेल्या तुलनेत २० टक्के अॅझेलेइक आणि ४ टक्के हायड्रोक्विनोन यांच्या एकूण परिणामात लक्षणीय फरक आढळला नव्हता. मग धोका आधी का पत्करायचा?

औषधविक्रेता, मिरज

आपण दोष मलमाला देत आहात, खरा दोष विक्रीच्या पद्धतीचा आहे. स्टेरॉइडयुक्त मलमांना असलेली सूट केंद्र सरकारने २०१८ साली काढून घेतली आणि त्यांना शेड्यूल एचमध्ये आणले, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती देताच येत नाहीत. जो दुकानदार तरीही देतो त्याला धरा. चिठ्ठीवर, ठरलेल्या मुदतीत, फक्त रात्री आणि फक्त डागावर लावलेले तिहेरी मलम हा आजही वांगावरचा सर्वांत परिणामकारक लेप आहे. ६४१ रुग्णांच्या चाचणीत तिहेरी मलमाने सुमारे २६ टक्के रुग्णांचे डाग आठ आठवड्यांत पूर्ण गेले. त्याच तीन औषधांपैकी दोन-दोन एकत्र करून दिलेल्या कोणत्याही गटात हे प्रमाण त्याच्या जवळपासही नव्हते.

शिवाय आपण ज्या तुलनेचा आधार घेतला ती एकट्या हायड्रोक्विनोनशी आहे, तिहेरी मलमाशी नाही. हा फरक आपण नजरेआड केलात.

आता काउंटरवरचा अनुभव सांगतो. अॅझेलेइक दिवसातून दोनदा लावावे लागते, पहिले काही आठवडे खाज आणि चुणचुण होते, आणि फरक दिसायला महिने लागतात. महिनाभरात ‘काही गुण नाही’ म्हणत बाई ट्यूब अर्धवट टाकते आणि शेजारणीने सांगितलेली, नेमकी मोमेटासोनचीच, ट्यूब आणते. आपल्या सावधगिरीचा शेवट असा आपल्याच भीतीच्या दारात होतो. त्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाने आठ ते बारा आठवडे तिहेरी द्यावे, मग दिवसाआड करत थांबवावे आणि टिकवण्यासाठी अॅझेलेइक द्यावे. क्रम उलटा नको.

बेदाणा (तासगाव)

आपण दोघेही पंख्याखाली बसणाऱ्या माणसांसाठी लिहीत आहात असे वाटते. द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी असते आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. दोन्ही वेळा बाया दिवसभर बागेत असतात, मधल्या महिन्यांतही शेंडे खुडणे आणि विरळणी सुरूच असते. वेल विरळताना मान वर आणि तोंड आभाळाकडे असते. त्यांना दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा म्हणणे सोपे आहे. चेहरा आणि मान यांच्यासाठी दोन बोटांच्या लांबीएवढे क्रीम लागते, त्या हिशोबाने ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही, आणि अकराच्या घामात तिच्या पांढऱ्या रेघा गळ्यावर उतरतात. तो खर्च रोजंदारीतून कोण काढणार?

माझे म्हणणे असे की ऊन थांबवले नाही तर आपली दोन्ही मलमे सारखीच निरुपयोगी आहेत, आणि कोणते आधी हा वाद त्यानंतरचा आहे. आमच्याकडे बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि ओढणी कपाळापासून हनुवटीपर्यंत घट्ट बांधतात, ते आधी मोजा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओढणी कधी लिहिलेली मी पाहिली नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

बेदाणा यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यात एक भर घालतो. सावळ्या त्वचेवर केवळ अतिनील किरण नव्हे तर दिसणारा प्रकाशही रंग गडद करतो, आणि नेहमीचे पांढरे किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन तो अडवते. मेक्सिकोत केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांना हायड्रोक्विनोनच दिले होते, तरी दृश्य प्रकाश अडवणारे सनस्क्रीन वापरणाऱ्या गटात सुधारणा अधिक झाली. म्हणून बागेत जाणाऱ्यांनी दाट विणीची, गडद रंगाची ओढणी हे मुख्य संरक्षण समजावे, आणि रंगीत सनस्क्रीन निघताना व जेवणाच्या सुट्टीत, फक्त उघड्या राहणाऱ्या कपाळाला, गालफडांना आणि नाकाला लावावे. ही तडजोड आहे, पण अजिबात न लावण्यापेक्षा बरी.

मिरजेच्या मित्रांना इतकेच सांगतो की चाचणीतली तुलना कशाशी आहे हे त्यांनी बरोबर दाखवले. तिहेरी मलम अधिक वेगाने काम करते हे मी नाकारत नाही. परंतु त्या ६४१ रुग्णांच्या चाचणीतले स्टेरॉइड फ्लुओसिनोलोन होते. तो आकडा मोमेटासोनच्या ट्यूबला चिकटवता येणार नाही. आणि ‘दिवसाआड करत थांबवावे’ हे वाक्य चिठ्ठीवर असले तरी डाग फिकट झाल्यावर पुन्हा दवाखान्यात येणारे थोडेच असतात.

विश्रामबाग

सांगलीत बसून हळदीचे नाव कोणी काढत नाही याचे नवल वाटते! आमच्या आजीने आयुष्यभर हळद आणि साय लावली. तसेच ट्रानेक्सामिक अॅसिडचे सीरम सध्या सगळीकडे दिसते, त्याबद्दल कोणी लिहील का?

औषधविक्रेता, मिरज

हळदीतले करक्युमिन प्रयोगशाळेत टायरोसिनेजला रोखते, पण स्वयंपाकघरातला लेप त्वचेत पुरेसा उतरत नाही. सायीसोबत लावल्याने सहसा बिघडत नाही. लिंबू पिळून लावला तर मात्र जळजळ होते आणि जळजळ झालेल्या जागी नवा काळा डाग उठतो. ट्रानेक्सामिक अॅसिड हे मुळात रक्तस्राव थांबवणारे औषध आहे. गोळीचा वांगावर उपयोग होतो, परंतु रक्ताची गुठळी होण्याची शक्यता ज्यांना आहे त्यांना ती चालत नाही, आणि ती दुकानातून परस्पर कोणीही घेऊ नये. सीरमचे निकाल गोळीइतके भक्कम नाहीत.

मोमेटासोनबद्दलचा आक्षेप रास्त आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने फ्लुओसिनोलोनचेच मलम लिहावे, एवढी दुरुस्ती मी माझ्या म्हणण्यात करतो. क्रम मात्र बदलणार नाही. अपवाद एकच: गरोदरपणात वांग उठले असेल तर तिहेरी मलम नकोच. तेथे अॅझेलेइकच योग्य, आणि बाळंतपणानंतर कित्येकदा डाग आपोआपही फिकट होतात.

वाळवेकर

माझी वहिनी असेच एक मलम दोन वर्षे लावत आहे. हा धागा वाचून ती आजपासून बंद करायला निघाली आहे. चालेल का?

कृष्णाकाठ (सांगली)

वहिनींना मनाने एकदम बंद करू देऊ नका. इतक्या दिवसांच्या स्टेरॉइडनंतर ते अचानक थांबवले तर चेहरा लालबुंद होऊन सुजतो आणि घाबरून माणूस पुन्हा तेच लावतो. कमी कसे करायचे ते त्वचारोगतज्ज्ञाला ठरवू द्यावे, आणि ती भेट याच आठवड्यात व्हावी. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे लावल्यावर काहींच्या गालफडांवर निळसर काळे, बारीक ठिपक्यांचे डाग येतात, त्याला ऑक्रोनोसिस म्हणतात. तो प्रकार वांगासारखाच दिसतो, पण मलम वाढवले की आणखी गडद होतो. म्हणून डाग पूर्वीपेक्षा काळे झाले आहेत का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आतापर्यंत वापरलेल्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, खोक्यासह सोबत न्याव्यात.