चाळिशी-पन्नाशीतलं वजन: घरात वेगळा स्वयंपाक की सगळ्यांना एकच?

तिखट_हुमण (फोंडा)
माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं. मधल्या वयात कुणी वजन उतरवायचं मनावर घेतलं की त्या माणसासाठी घरात वेगळं शिजवायचं, ही पद्धत बंद करा. एकच स्वयंपाक, सगळ्यांना तोच. ज्याला उतरवायचंय त्याने कमी वाढून घ्यावं, वाढत्या पोरांनी पोटभर खावं.

आमच्या घरात पाच माणसं. मी ४८, नवरा ५२, सासूबाई ७६, मुलगा बारावीला, धाकटी सहावीत. आम्हा दोघांनाही डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितलंय, सासूबाईंना शुगर आहेच. आता ह्यात वेगळं करायचं म्हणजे मला दुधी, ह्यांना ओट्स, सासूबाईंना भाकरी, पोरांना शीत-हुमण (भात आणि खोबऱ्याच्या वाटणातली माशाची आमटी) आणि तळलेला बांगडा. आणि असं करणाऱ्या बाईचं वजन उतरत नाही, हे मी नणंदेकडे डोळ्यांनी बघितलंय. तिचा दुधी खाऊन होतो, मग ताटं उचलायला जाते तर पोराच्या ताटात बांगड्याचा पोटाकडचा तुकडा, अर्धी पोय (गोव्याचा पाव), वाटीच्या तळाला घट्ट हुमण. टाकायचं कसं? म्हणून बेसिनपाशी उभ्या उभ्या पोय हुमणात बुडवून तोंडात, दुसऱ्या हाताने नळ चालू. विचारलं तर सांगते, रात्री मी फक्त दुधी खाते. खोटं नाही बोलत ती, उभ्याने खाल्लेलं तिच्या हिशोबात धरलेलंच नसतं.

आणि हे फक्त माझ्या कंबरेपुरतं आहे का? २०२३ ला आयसीएमआर-इंडियाबचा देशभरचा अभ्यास आला त्यात डायबिटिसमध्ये आपला गोवा पहिला, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. वीस वर्षांवरच्या चार गोंयकारांत एक म्हणा. आजीला शुगर, आईबाप काठावर, मग पोरांना वेगळं ते कुठल्या आनंदात वाढायचं? उपाशी ठेवा म्हणत नाहीये. हुमणाला अर्ध्याऐवजी पाव नारळ, बांगडा रवा लावून भरपूर तेलात सोडण्याऐवजी तव्यावर चमचाभर तेलात, संध्याकाळी पोदेर (पाववाला) आला की पोरांपुरतंच घ्यायचं. एवढंच. बोला आता.

दुपारची_झोप (मडगाव)
पाव नारळात पाच माणसांचं हुमण? ह्याची पोलिसात तक्रार करायला हवी.

म्हापशेकर_भाऊ
ताई, वजन तुमचं आणि शिक्षा घराला, हे काय पटलं नाही. मी ५४ चा, वजन बेताचं, सकाळी लवकर दुकान उघडतो, दिवसभर पोती इकडची तिकडे. दुपारी घरी आलो की मला माझं शीत, हुमण आणि तळलेलं नुस्तं (मासे) पाहिजे, त्यात कुणाचं काय गेलं? आमच्या बायकोनेही मागे हाच कमी नारळाचा कार्यक्रम काढला होता. मी गप्प बसलो, पण थोरला (१७ वर्षांचा, फुटबॉल खेळतो) घरी अर्धवट जेवायचा आणि संध्याकाळी गाड्यावर रोस ऑम्लेट (शाकुतीच्या रश्शातलं ऑम्लेट), नाहीतर कटलेट पाव. घरच्या हुमणातलं खोबरं वाचवलं आणि बाहेर शाकुतीच्या रोसात घातलं, वर पैसे गेले ते वेगळेच. ज्याला गरज आहे त्याने आपल्या जिभेला आवर घालावा. समोर असताना न खाणं हेच तर शिकायचं असतं. चवथीला, जत्रेला, लग्नाला तुमचा एकच स्वयंपाक कुठून येणार आहे?

तिखट_हुमण
भाऊ, जत्रा वर्षातून एकदा, जेवण दिवसातून दोनदा. मला रोजच्याची काळजी आहे. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी असतात, तेलाच्या मोठ्या चमच्यात १२०. हे रोज दोन वेळा मोठ्या हाताने पडणार, आणि मग जिभेला आवर घाल म्हणून मला एकटीला सांगणार? बरं, तुमची पोती उचलून जिरतं, तुम्ही खाताय ते खा की. तुमच्याच घरात बायको दिवसभर बिलाच्या टेबलापाशी बसून असेल तर तेच ताट तिला किती जड जातं ते बघा.

निवृत्त_मास्तर (डिचोली)
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मूळ कारण असं की चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो, त्यामुळे तरुणपणीचं खाणं चालत नाही. आमच्या लहानपणी सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज, बरोबर लोणचं नाहीतर सुक्या बांगड्याची किसमूर, आणि मग शेतात. कुणाचं पोट सुटलेलं दिसायचं नाही. हल्ली पेज गेली आणि सकाळ-संध्याकाळ पाव आला. उकड्याला उगाच बदनाम केलंय लोकांनी.

रात्रपाळी
मास्तर, मी नर्स आहे म्हणून बोलते, राग नको. चाळिशीला मेटाबॉलिझम पडतो हे आपण सगळेच म्हणतो, पण २०२१ ला सायन्स ह्या जर्नलमध्ये मोठा अभ्यास आला, २९ देशांतली सहा हजारांवर माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंत. शरीराचा आकार लक्षात घेतला तर वीस ते साठ ह्या वयात खर्च होणारी ऊर्जा जवळपास सारखीच राहते, उतरते ती साठीनंतर. मग पन्नाशीत पोट का सुटतं? हालचाल घटते, झोप कमी होते, स्नायू हळूहळू कमी होतात आणि बायकांच्यात पाळी जायच्या सुमाराला चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. म्हणजे वयाला दोष देऊन मोकळं होता येत नाही.

उकड्याचं तुमचं बरोबर, त्याने साखर साध्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा सहसा थोडी सावकाश चढते. पण म्हणून ताटात डोंगर करायची परवानगी मिळत नाही. आणि वजनाच्या काट्यापेक्षा कंबर मोजा. आपल्याकडे बाप्यांची ९० सेंमी आणि बायकांची ८० सेंमी ही हद्द धरतात. म्हापशेकर भाऊ, तुमचं वजन बेताचं असेल, टेप लावून बघा आणि मग बोला. बारीक हातपाय आणि पुढे पोट, असले पेशंट रोज येतात.

म्हापशेकर_भाऊ
टेप बायकोच्या शिवणाच्या डब्यात आहे, मागायला गेलो तर कशाला म्हणून विचारेल. राहू दे.

बायोची_आई (मडगाव)
मला मात्र ह्या "सगळ्यांनी मिळून" प्रकाराची भीती वाटते आणि ती कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी १४ ची. आम्ही दोघं नवराबायको वजनाच्या मागे लागलो, घरात सतत तोच विषय, आज किती, काल किती, हे खाऊ नको त्याने चढतं, काटा हॉलमध्येच ठेवलेला. पोरगी आपोआप जेवताना पावाचा आतला मऊ भाग काढून ठेवायला लागली, मग एक दिवस पेज नको म्हणाली, मग शाळेतून डबा तसाच परत. तिचं वजन आधीच कमी होतं! डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की घरात वजनाचा आकडा मोठ्याने बोलू नका. मोठ्यांचं डाएट मोठ्यांपुरतंच असावं, पोरांच्या कानावर पण नको. घर म्हणजे वेटलॉस कॅम्प नव्हे.

तिखट_हुमण
हे खरं गं. पण बघ, तुझं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. वेगळं ताट, काटा, आकडे, ह्याचीच तर चर्चा होते घरात. एकच स्वयंपाक असला की बोलायला विषयच उरत नाही. मी धाकटीला सांगितलेलंही नाही की नारळ कमी केलाय. तिला हुमणात कोकमाचं सोल जास्त झालंय एवढंच वाटतंय. काटा मात्र आजच कपाटात टाकते, ते तुझं ऐकलं.

मांडवीकाठी (पणजी)
मी वेगळ्याच पक्षाचा. घरच्यांवर अवलंबून राहिलात तर आयुष्यभर थांबाल. ७६ वर्षांच्या सासूबाईंचा हात कोण अडवणार? आमच्या आईला सांगून बघितलं, ती म्हणाली तुझ्या बापाने ह्याच हातचं खाऊन ८५ काढली. संपला विषय. मी ५१, ऑफिसात खुर्चीवर, रोज संध्याकाळी मिरामारला चालायला जायचो. चालून मजा येते, गप्पा होतात, आणि परतताना भेळ. तासभर चालून माझ्या वजनाच्या माणसाचे अडीचशे-तीनशे कॅलरी जळत असतील, भेळेने ते परत. आता आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलतो, कारण स्नायू टिकवायचे तर चालणं पुरत नाही. डब्ल्यूएचओ पण हेच सांगते, आठवड्याला १५० मिनिटं तरी मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे. आईने वाढलेलं खातो, भात एकदाच घेतो, मासा दोनदा घेतो. घरात कुणाला पत्ता नाही मी डाएटवर आहे.

आणि एक विचारायचं होतं. २०२५ च्या मार्चपासून ती मौंजारोची वजन उतरवायची इंजेक्शनं आपल्याकडे मिळायला लागली, आमच्या ओळखीत दोघं घेतायत आणि उतरलेत पण. मग हा नारळाचा तंटा कशाला?

रात्रपाळी
इंजेक्शन हे औषध आहे, ओळखीतल्याने घेतलं म्हणून आपण घ्यायचं नसतं. कुणाला द्यायचं, कुणाला नाही ते डॉक्टर तुमची शुगर, बाकीचे आजार बघून ठरवतात. बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं. आणि भूक मेल्यावर जे चार घास जातात त्यात प्रोटीन नसेल तर चरबीबरोबर स्नायू पण जातात. म्हणजे ताटाचा प्रश्न सुटत नाहीच. तुमचं मासा दोनदा, भात एकदा हे मात्र आवडलं, बांगड्यात १०० ग्रॅमला १९-२० ग्रॅम प्रोटीन मिळतं. फक्त जून-जुलैत ट्रॉलर बंद आणि त्यामागून श्रावणाचं शिवराक (शाकाहारी जेवण), तेव्हा काय करता ते सांगा. बहुतेक घरांत तेव्हा माशाची जागा बटाटा आणि साबुदाणा घेतो. मूग, चवळी, अळसांदे घ्यायला पाहिजेत.

दुपारची_झोप (मडगाव)
दुकानं दीडला बंद, जेवून झोप, चारला उठून चहा आणि मिरची-भजी. ह्या तीन तासांवर कुणी बोलत नाही. नारळाला धरलंय सगळ्यांनी.

साखळीची_सून
इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. ताई, तुमचं "एकच स्वयंपाक" ऐकायला छान, पण तो करतंय कोण? खोबऱ्याचं वाटप किती, तेल किती, पोराला आवडेल का, सासूबाईंची शुगर, नवऱ्याचं पोट, सगळं परत बाईच्याच डोक्यावर. नवऱ्याला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं की उतरवायची जबाबदारी बायकोची, आणि नाही उतरलं तर बायकोचा हात सैल. आमच्याकडे सासरे, नवरा आणि दीर, तिघांची पोटं माझ्या कढईवर अवलंबून आहेत असं सासूबाई पाहुण्यांना सांगतात. ओट्स हवेत तर उठा आणि करून घ्या, चुलीला कुणी कुलूप लावलंय का? म्हणून मी वेगळ्या स्वयंपाकाच्या बाजूची, पण ज्याचा त्याने करायचा. भाऊंना तळलेलं नुस्तं पाहिजे ना, मग साफ करण्यापासून तळण्यापर्यंत भाऊंनी करावं. बघूया आठवड्यातून किती वेळा तळतात ते.

म्हापशेकर_भाऊ
मासळी बाजारातून आणतो मीच, कापून पण आणतो.

साखळीची_सून
आणून सिंकमध्ये पिशवी ठेवता ना? तेच म्हणतेय.

तिखट_हुमण
सूनबाई, हा मुद्दा मला खोडता येत नाही आणि खोडायचा पण नाही. आमच्याकडे ह्यांनी रात्रीचं स्वतःवर घेतलंय, म्हणजे मुगाचं तोणाक (उसळीसारखी आमटी) नाहीतर अंड्यांचं काहीतरी, चव देवाच्या भरवशावर. पण जो करेल त्याने सगळ्यांसाठी करावं, ह्यावर मी अडून आहे. ज्याचं त्याने करायचं म्हटलं की आमच्याकडे बारावीवाला नूडल्स उकळणार, हे ऑम्लेट, धाकटी बिस्किटं आणि सासूबाई उपाशी.

निवृत्त_मास्तर (डिचोली)
चवथीचं काय करणार? नेवऱ्या (करंज्या) भाजणार की काय?

तिखट_हुमण
नेवऱ्या तळणारच, मास्तर. पातोळ्या पण होणार, खतखतं पण. दरवर्षी डबे भरून उरतात आणि मग पंधरा दिवस चहाबरोबर संपवल्या जातात, त्यावर मात्र डोळा ठेवलाय. अर्ध्या करणार आणि तिसऱ्या दिवशी उरलेल्या वाटून टाकणार.

रात्रपाळी
नेवऱ्यांवर भांडण्यापेक्षा एक करा. घरात महिन्याला तेल किती लिटर येतं ते माणशी भागून इथे लिहा. बरेच डॉक्टर माणशी अर्धा लिटर म्हणतात. नारळ वेगळा धरा.

तिखट_हुमण
पाच माणसं, पाच लिटरचा कॅन. आणि मी इथे पाव नारळाच्या गप्पा मारत होते.

मांडवीकाठी (पणजी)
तीन माणसं, तीन लिटर. आईला दाखवलं, म्हणाली त्यातलं दिव्याला पण जातं.

साखळीची_सून
सात माणसं, सहा लिटर. सासऱ्यांना वाचून दाखवलं तर म्हणतात दुकानदार कमी भरतो.

म्हापशेकर_भाऊ
आमचा आकडा लिहीत नाही. दुकान आपलंच आहे, मोजून कोण आणतो.