बर्लिनच्या फळ प्रदर्शनासाठी शेंगेन बिझनेस व्हिसा : शेतकरी-निर्यातदाराने उत्पन्न कसे दाखवावे?

केळीबाग_रावेर

सर्वांना नमस्कार. आम्ही रावेर तालुक्यातील केळी उत्पादक आहोत. घरची १४ एकर बाग वडिलांच्या नावावर असून, मी आणि धाकटा भाऊ अशी आमची भागीदारी संस्था गेली तीन वर्षे घरची तसेच आसपासच्या गावांतून खरेदी केलेली केळी न्हावाशेवा बंदरातून आखाती देशांत पाठवते. येत्या फेब्रुवारीत बर्लिनला भरणाऱ्या ‘फ्रूट लॉजिस्टिका’ या प्रदर्शनास जाण्याचा आणि तेथून रॉटरडॅमच्या एका आयातदारास भेटण्याचा विचार आहे. बर्लिनमध्ये तीन रात्री आणि नेदरलँड्समध्ये चार रात्री, असा बेत तूर्त केला आहे.

दुबईला मी दोनदा जाऊन आलो आहे. परंतु तेव्हा पासपोर्टची प्रत आणि फोटो एजंटाच्या मोबाइलवर पाठवले आणि चार दिवसांत व्हिसा हाती आला, त्यामुळे त्या अनुभवाचा येथे काही उपयोग दिसत नाही. माझी मुख्य चिंता उत्पन्नाची आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने माझ्या वैयक्तिक विवरणपत्रात करपात्र आकडा अगदी किरकोळ दिसतो, आणि सातबाऱ्यावर माझे नावच नाही. एजंटाचे म्हणणे असे, की बिझनेस व्हिसाच्या भानगडीत न पडता टुरिस्ट व्हिसा मागावा आणि अर्जापूर्वी खात्यात पाच-सहा लाख रुपये भरून ठेवावेत. हा सल्ला मानावा का? आणि अर्ज कोणत्या देशाकडे करावा?

चटईवाला_जळगाव

भाऊ, एजंटाचा सल्ला मुळीच मानू नका. आमचा प्लास्टिक चटईचा कारखाना जळगावच्या एमआयडीसीत आहे आणि २०२२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या ‘के’ या प्लास्टिक उद्योगाच्या प्रदर्शनासाठी मी हाच व्हिसा घेतला होता. शेंगेन म्हणजे सामाईक व्हिसा असलेला युरोपातील देशांचा गट; त्याचा अल्पमुदतीचा व्हिसा मुळात एकच असतो. अर्जात प्रवासाचे कारण मात्र खरे लिहावे लागते आणि सोबतचे कागद त्या कारणाशी जुळावे लागतात. प्रदर्शन पाहणे, आयातदारांशी बोलणी करणे, करारावर सही करणे ही सगळी कामे व्यावसायिक भेटीत बसतात, तेथे पगारावर काम करणे बसत नाही. पर्यटक म्हणून गेलात आणि विमानतळावर बॅगेत केळीचे दरपत्रक आणि संस्थेची व्हिजिटिंग कार्डे निघाली, तर उत्तर द्यायला तुम्ही एकटेच असाल. एजंट तेथे नसेल.

अर्ज कोणाकडे करावा, याचा नियम असा की ज्या देशातील मुक्काम किंवा प्रवासाचे कारण मुख्य असेल त्या देशाकडे, आणि दोन्ही सारखेच ठरत असतील तर जेथे प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. तुमचे कारण बर्लिनचे आणि रात्री मात्र नेदरलँड्सच्या जास्त, अशी विसंगती असल्याने छाननीत शंका निघू शकते. प्रदर्शन तीन दिवसांचे असते. एक दिवस आधी पोहोचा, एक दिवस नंतर थांबा आणि रॉटरडॅमचे काम दोन रात्रींत उरका, म्हणजे जर्मनीकडे अर्ज करणे निर्विवाद ठरेल. व्हिसा जर्मनीचा असला तरी विमान ॲमस्टरडॅमला उतरलेले चालते, कारण तो शेंगेनच्या २९ देशांत लागू असतो. १८० दिवसांत ९० दिवसच राहता येण्याची मर्यादा तुम्हाला आड येणार नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णयास साधारण १५ दिवस लागतात, पण अधिक चौकशी करायची ठरली तर ४५ दिवसही लागू शकतात. मध्ये नाताळच्या सुट्ट्या येतात आणि मुंबईच्या व्हिसा अर्ज केंद्रावरील भेटीच्या वेळा आधीच भरून जातात, म्हणून दिवाळी आटोपली की लगेच कामाला लागा. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचे सेवाशुल्क निराळे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत.

लेखापाल_भुसावळ

प्रश्नकर्त्या दादांच्या मुख्य चिंतेविषयी लिहिते. माझ्याकडे येणाऱ्या केळी उत्पादकांपैकी निम्म्यांची तरी हीच अडचण असते, आणि तिचे मूळ उत्पन्न कमी असण्यात नसते. विवरणपत्र अपुरे भरलेले असण्यात असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते विवरणपत्रात करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवायचेच असते. ते ५,००० रुपयांहून अधिक असेल तर आयटीआर-१ हा सोपा नमुना वापरताच येत नाही, आणि तरीही अनेक जण तोच भरून मोकळे होतात. मग कागदोपत्री माणूस वर्षाला दोन-अडीच लाख कमावणारा दिसतो आणि त्याच कागदावर युरोपचा खर्च मागतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक बाब आहे. वडिलांच्या बागेतील केळीचे उत्पन्न हे शेतीचे; परंतु शेजारच्या शेतकऱ्यांकडून खरेदी करून निर्यात केलेल्या केळीवरील नफा हा संस्थेचा व्यापारी नफा असून तो करपात्र आहे. हे दोन्ही हिशेब वेगळे मांडले असतील, तर संस्थेचे विवरणपत्र आणि ताळेबंद हाच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. ताज्या केळीवर जीएसटी शून्य असल्याने जीएसटीच्या कागदांवर तुमची फारशी भिस्त राहणार नाही. त्याऐवजी आयईसी (आयात-निर्यात परवाना क्रमांक), अपेडा या शेतमाल निर्यात संस्थेची नोंदणी, भागीदारी करारनामा, गेल्या वर्षातील शिपिंग बिले (निर्यातीचे सीमाशुल्क कागद) आणि परदेशातून आलेल्या रकमेबाबत बँकेने दिलेली प्रमाणपत्रे जोडा. कंटेनर गेला आणि त्याचे पैसे आले, हे तारखेनिशी जुळवून दाखवता आले की सातबाऱ्यावर नाव नसल्याचे फारसे काही वाटत नाही.

सातबारा तरीही जोडावा, कारण परत येण्यासाठी घरी काय आहे हे तो सांगतो. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा काढा, त्याचे इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या सही-शिक्क्यासह करून घ्या आणि वडिलांचे एक पत्र द्या की बागेची व्यवस्था मुलगा पाहतो. भाषांतरात नावाची अक्षरे पासपोर्टप्रमाणेच लिहून घ्यावीत. पासपोर्टवर एक, पॅनकार्डावर दुसरे आणि भाषांतरात तिसरेच स्पेलिंग असे प्रकार मी पाहिले आहेत.

संस्थेच्या लेटरहेडवरील पत्र एका पानाचे पुरे : कोण, कशासाठी, कोणत्या तारखांना, आणि खर्च कोण करणार. रॉटरडॅमच्या आयातदाराकडूनही असेच निमंत्रणपत्र मागवा आणि त्यावर त्यांचा तेथील चेंबर ऑफ कॉमर्सचा नोंदणी क्रमांक आवर्जून घ्या.

तापीकाठ_यावल

खात्यात पैसे भरण्याचा सल्ला मी मानला होता, म्हणून लिहितो. अर्जाच्या आठ दिवस आधी ओळखीच्या आडत्याकडून साडेचार लाख रुपये उसने घेऊन खात्यात भरले आणि शिल्लक फुगलेली दिसावी म्हणून खातेउतारा लगोलग काढला. त्याआधीच्या तीन महिन्यांत त्याच खात्यातून ठिबकच्या नळ्या, खत आणि मजुरी यांचे दोन-दोन, पाच-पाच हजार निघत होते, आणि शेवटच्या ओळीत एकदम साडेचार लाखांची जमा! हे कोणाच्याही नजरेत भरले असते. नकाराच्या छापील कागदावर दोन चौकटींत खुणा होत्या : प्रवासाच्या कारणाविषयी दिलेली माहिती विश्वसनीय नाही आणि मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या हेतूविषयी शंका आहे. आडत्याचे पैसे मी व्याजासह फेडले, ते वेगळेच.

पूर्वी जर्मन दूतावासाकडे फेरविचारासाठी अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एक तर नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचे, आणि दुसरा मार्ग आपल्यासारख्याला परवडणारा नाही. नव्या अर्जात मागचा नकार लपवू नये. शेंगेनच्या यंत्रणेत त्याची नोंद पाच वर्षे राहते. मी वर्षभर खाते स्वच्छ चालवले, केळीची सगळी विक्री त्यातच घेतली आणि दुसऱ्या वेळी व्हिसा मिळाला, तोही नेमक्या प्रवासाच्या दिवसांपुरता.

एक सूचना बोटांच्या ठशांविषयी. मुंबईच्या केंद्रात मशीन माझे ठसे घेईना. आदल्या दिवसापर्यंत मी घड उतरवत होतो, त्यामुळे चिकाने बोटे काळी पडलेली आणि कातडी खरबरीत झालेली. तेथील मुलीने ओल्या रुमालाने चार वेळा बोटे पुसून घेतली, तेव्हा कुठे दोन अंगठे उमटले. आठ-दहा दिवस आधी विळ्याचे काम दुसऱ्याकडे द्या आणि रोज रात्री बोटांना खोबरेल लावा. एकदा घेतलेले ठसे पुढे ५९ महिने चालतात.

केळीबाग_रावेर

सर्वांचा आभारी आहे. एजंटाला आज नकार कळवला. बर्लिन पाच रात्री आणि रॉटरडॅम दोन, असा बेत बदलला असून माझे मागील विवरणपत्र आयटीआर-१ वरच भरलेले निघाले, त्यामुळे ताईंनी लिहिल्याप्रमाणे आमच्या सीएंची उद्याची वेळ घेतली आहे. एकच शंका उरते : नमुन्यादाखल दोन फण्या बॅगेतून नेल्या तर चालतील का?

चटईवाला_जळगाव

युरोपात बहुतेक फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळे त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे नियम आड येणार नाही. मात्र फण्या हिरव्या न्या आणि कागदात नीट गुंडाळा, नाही तर कोटाला चिकाचे डाग घेऊन आयातदारासमोर बसावे लागेल.