१८ गेजच्या पाइपला मिग वेल्डिंगने भोकं पडतात, सेटिंग काय ठेवू?

शेडवाला, संगमनेर
नमस्कार मंडळी. पत्र्याची शेड टाकून चार महिने झाले. आतापर्यंत गेट, ग्रिल, टाकीचे स्टँड केले, सगळं रॉडच्या वेल्डिंगवर. आता शाळेच्या ४० बाकांचं काम मिळालंय. २५ मिमीचा गोल पाइप, १८ गेज, म्हणजे १.२ मिमी जाडी. त्यासाठी सिंगल फेजचं मिग मशीन घेतलं, म्हणजे रॉडऐवजी गनमधून सरकत येणाऱ्या वायरने वेल्ड करणारं. ०.८ मिमीची वायर, गॅस साधा सीओटू (कार्बन डायऑक्साइड), व्होल्टेज १९, वायरच्या वेगाचं बटण ६ वर. टी जोड मारताना सुरुवात बरी होते, मग पाइप लाल होऊन भोक पडतं. व्होल्टेज १५ केलं तर वायर पाइपवर आपटते, गन मागे ढकलली जाते. सहा बाकांचे पाइप वाया गेले. यावर मुलं बसणार आहेत, त्यामुळे भोक बुजवून, ग्राइंडर फिरवून रंग मारायला मन धजत नाही.

जुना फिटर, शिरोली
अरे, तू व्होल्टेज उतरवलंस, वायर मात्र तशीच ठेवलीस. मिगमध्ये अँपिअर वायरच्या वेगावर ठरतात. बटणावरच्या आकड्यावर जाऊ नकोस, वायर मोज. गन पाइपपासून लांब धर, ६ सेकंद ट्रिगर दाब आणि बाहेर आलेल्या वायरला टेप लाव. गुणिले १० केलं की एका मिनिटाचा वेग. ०.८ च्या वायरला मिनिटाला ३ मीटर म्हणजे साधारण ६० अँपिअर. तुला तेवढंच हवंय, म्हणजे ६ सेकंदांत ३० सेंमी. व्होल्टेज १६ पासून सुरू कर आणि अर्ध्या-अर्ध्याने वर जा. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा सलग चर्र आवाज आला की थांब. तडतड झाली तर वायर जास्त आहे. टोकाला मोठा गोळा धरून थेंब पडू लागले तर व्होल्टेज जास्त.

आणि पाइपच्या टोकाला खाच कशी कापतोस? दुसऱ्या पाइपच्या गोलाईवर ती चपखल बसली पाहिजे. फट राहिली तर कुठलंच सेटिंग तुला वाचवणार नाही. चार टाके (वेल्डचे छोटे ठिपके) समोरासमोर मार, मग पाव-पाव भाग, तोही एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. वरून खाली ये.

आर्गनवाला
आर्गन-सीओटू मिक्स मिळालं तर घ्या, ८०-२० चं. पातळ पाइपला आर्क (वायरच्या टोकाची ज्योत) मऊ राहतो, छर्रे कमी उडतात. व्होल्टेज मात्र एक-दीडने उतरवावं लागेल. पाइप जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढा. तो धूर छातीत जाऊ देऊ नका.

शेडवाला, संगमनेर
काका, मोजली. ६ सेकंदांत ६२ सेंमी! म्हणजे मी १२० अँपिअरवर पाइप जाळत होतो. आता ३१ वर आणलीय, व्होल्टेज साडेसोळा. खाचेला एका बाजूला दीड मिमी फट होती, ती अर्धगोल कानसीने बसवली. एक जोड शिकंज्यात धरून हातोड्याने ठोकला. पाइप चेपला, वेल्ड सुटलं नाही. एकच अडचण उरलीय, दुपारी वारा सुटला की बीडमध्ये (वेल्डच्या रेषेत) बारीक छिद्रं दिसतात. गॅस मिनिटाला १० लिटरवर आहे.

जुना फिटर, शिरोली
गॅस वाढवत बसू नकोस. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांध, नॉझलमधले छर्रे काढ आणि वायर १० मिमीच बाहेर ठेव. छिद्रं पडलेला जोड घासून पुन्हा मार.