१७८७ ची अमेरिकन घटना: गरज होती की सावकारांची सोय?

ओसरी: अमेरिकेच्या घटनेचा विषय निघाला की सगळे १७८७ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनापासून सुरुवात करतात. त्याआधीची वर्षं कुणी धरतच नाही. माझ्या मते खरे प्रयोग राज्यांनी केले. पेनसिल्व्हेनियाची १७७६ ची घटना बघा. सभागृह एकच, गव्हर्नर नाही, कर भरणाऱ्या स्वतंत्र पुरुषाला मत, मग जमीन असो वा नसो. सार्वजनिक विधेयक आधी छापून लोकांपुढे ठेवायचं आणि एरवी पुढच्या अधिवेशनातच मंजूर करायचं! या लोकशाहीला १७८७ नं लगाम घातला.

घाटमाथा: घालायलाच हवा होता. आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशनमध्ये, म्हणजे १७८७ च्या आधीच्या पहिल्या घटनेत, केंद्राला कर बसवायचा अधिकारच नव्हता, राज्यांपुढे हात पसरायचे. आयातीवर ५ टक्के जकात लावू द्या, एवढंच मागणं होतं. पण दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागायची. १७८२ मध्ये ऱ्होड आयलंड अडून बसलं, पुढच्या खेपेला न्यूयॉर्क. स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांचे पगार थकले. याला सरकार म्हणायचं?

दर्यावर्दी: ओसरी, राज्यं म्हणजे फक्त पेनसिल्व्हेनिया नव्हे. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेत दोन सभागृहं होती, नकाराधिकार असलेला गव्हर्नर होता, मतदाराला मालमत्तेची अट होती. मसुदा मुख्यतः जॉन अ‍ॅडम्सचा. फिलाडेल्फियात बऱ्याच अंशी हाच साचा वापरला. लगामसुद्धा राज्यातूनच आला.

ओसरी: मग त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये काय झालं तेही सांगा की. कर रोख नाण्यात मागितले. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे नाणं कुठलं? जप्त्या सुरू झाल्या, तेव्हा ऑगस्ट १७८६ मध्ये त्यांनी नॉर्थॅम्प्टनचं कोर्ट बसूच दिलं नाही. डॅनियल शेज या पुढाऱ्याच्या नावानं ओळखलं जाणारं हे बंड मोडायला फौज उभी राहिली ती मुख्यतः बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर. आणि पुढच्याच वर्षी नव्या घटनेत कलम आलं: राज्यांनी कागदी चलन काढायचं नाही, करारांना बाध आणणारे कायदे करायचे नाहीत. हे कुणाच्या हिताचं, वेगळं सांगायला हवं का?

घाटमाथा: ऱ्होड आयलंडनं १७८६ मध्ये कागदी नोटा काढल्या आणि नाकारणाऱ्याला दंड लावला. नोटांची किंमत मात्र घसरत गेली. ज्याचं येणं बाकी होतं त्यानं न्याय कुठे मागायचा? बहुमताच्या जोरावर असं चालत असेल तर वर कुणीतरी हवंच.

ओसरी: बहुमतानंच वाट काढलीही होती. १७८७ च्या वसंतातल्या निवडणुकीत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी बंड चिरडणाऱ्या गव्हर्नर जेम्स बोडनला पाडून जॉन हॅनकॉकला निवडून दिलं. तेव्हा फिलाडेल्फियाचं अधिवेशन सुरूसुद्धा झालं नव्हतं.