थायलंडमध्ये हेम्पच्या दुकानात ४९ टक्के भागीदारी घ्यावी का?

साताराकर_पटाया
नमस्कार मंडळी. मी पटायात एका हॉटेलचं किचन सांभाळतो. आम्हाला भाजी पुरवणारा थाई गडी हेम्पचं, म्हणजे गांजाच्याच जातीच्या कमी नशेच्या झाडाचं, दुकान काढतोय. चहा, साबण, बियांचं तेल आणि काउंटरमागे बरण्यांत फुलंही. म्हणतो ४९ टक्के तुझे, ५१ माझ्या मावशीच्या नावावर, म्हणजे कागदावर दुकान थाई, ती नुसती सही करेल; पैसे मात्र सगळे तू घाल. २०२२ पासून गांजाचं झाड इथे गुन्ह्यातूनच काढलंय, मग परवाना कसला, असं त्याचं म्हणणं. हिरव्या पानाच्या पाट्या तर मलाही गल्लीगल्लीत दिसतात. शिवाय पुण्यात मेव्हण्याचं आयुर्वेदिक दुकान आहे, तिकडे तेल आणि थोडा माल पाठवायचा विचार आहे. घरी अजून बोललो नाही. खरं काय ते सांगा.

सुखुमवित_ताई
दादा, मी बँकॉकात छोट्या कंपन्यांचे हिशेब बघते, असल्या मावश्या फायलींत रोज भेटतात! आधी तिचंच बघू. १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यात नावापुरता थाई भागीदार उभा करणं हा गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख ते १० लाख बाट दंड किंवा दोन्ही, आणि ही शिक्षा सही करणाऱ्या मावशीला आणि तुम्हाला, दोघांनाही. मावशीने भरलेलं भांडवल तिच्याकडे आलं कुठून हे विचारतात, बँकेचे कागद मागतात. तिचं खातं रिकामं असेल तर बोलणंच खुंटलं. शेती आणि औषधी वनस्पतींचा अर्क काढणं ही कामं तर पहिल्या यादीत आहेत, म्हणजे परदेशी माणसाला साफ बंद. उद्या तो ‘शेतही घेऊ’ म्हणाला तर लगेच हो म्हणू नका.

आता फुलांचं. ९ जून २०२२ ला झाड अमली पदार्थांच्या यादीतून निघालं हे खरं. पण ०.२ टक्क्यांहून जास्त टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) असलेला अर्क तेव्हाही यादीतच राहिला, आजही आहे. स्वतंत्र कायद्याचा मसुदा त्याच सप्टेंबरात संसदेतून मागे गेला. मग सगळा कारभार आरोग्य मंत्रालयाच्या अधिसूचनांवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये फुलं ‘नियंत्रित वनौषधी’ झाली: विक्रीला परवाना, २० वर्षांखालच्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना विकायचं नाही, जाहिरात नाही, ऑनलाइन नाही. आणि जून २०२५ मध्ये, २०२२ ला आरोग्यमंत्री म्हणून झाड यादीतून काढणाऱ्या अनुतिन यांचा पक्ष सरकारबाहेर पडला, त्यानंतर काही दिवसांतच नवी अधिसूचना आली: फुलं फक्त डॉक्टर-वैद्यासारख्या नोंदणीकृत माणसाच्या चिठ्ठीवर, जास्तीत जास्त ३० दिवसांपुरती, आणि माल जीएसीपी (औषधी वनस्पतींची चांगली लागवड आणि काढणी) प्रमाणपत्र असलेल्या शेतातलाच. ज्यांनी काचेच्या बरण्या आणि निऑनच्या पाट्यांत पैसा ओतला होता त्यांची झोप उडाली. पोलिसांच्या कायद्यातून सुटलेली वस्तू मंत्र्याच्या एका सहीवर टांगलेली असते, हे तुमच्या भाजीवाल्याला सांगा.

बरण्या काढून टाका, मग उरतं ते बरं आहे. बियांचं तेल, साबण, धागा. त्यातल्या तेला-साबणालाही ‘ऑयॉ’ची, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याची नोंद लागते. खाण्याच्या पाकिटावर १३ आकडी नंबर असतो, तो नसलेला माल पुरवठादाराकडून उचलूच नका.

आणि तुमचा वर्क परमिट हॉटेलच्या नावावर आहे ना? मग दुकानात गल्ल्यावर बसायचं नाही. दुकानात उभं राहून माल विकणं हे काम थाई लोकांसाठी राखीव आहे, भागीदार असलात तरी.

ठाण्याचा_वकील
ताईंनी तिकडचं सांगितलं, पुण्याचं मी सांगतो. ‘थोडा माल’ म्हणजे फुलं असतील तर विषय इथेच बंद करा. बँकॉकहून आलेल्या बॅगांतला हायड्रोपोनिक (मातीशिवाय वाढवलेला) गांजा मुंबई विमानतळावर सतत पकडला जातो. एनडीपीएस, म्हणजे आपल्याकडच्या अमली पदार्थांच्या कायद्यात तिकडच्या ०.२ सारखा सुटीचा आकडाच नाही. झाडाचा फुलांचा शेंडा म्हणजे गांजा, मग त्यात टीएचसी कितीही असो. तिकडची चिठ्ठी, पावती, परवाना इथे कुणी विचारत नाही. २० किलोंच्या वर व्यापारी प्रमाण, १० ते २० वर्षं आणि जामीन मिळणं महाकठीण. पण १ किलोच्या आतलंही गुन्हाच आहे.

बिया आणि बियांचं तेल वेगळं. गांजाच्या व्याख्येतून शेंड्याशिवायच्या बिया-पानं वगळलेली आहेत, आणि नोव्हेंबर २०२१ पासून एफएसएसएआयने (भारताचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) हेम्पच्या बियांना अन्न म्हणून जागा दिली. बी न उगवणारं हवं, टीएचसी किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत. मेव्हण्याकडे आयात-निर्यात कोड आणि आयातदाराचा केंद्रीय परवाना हवा, आणि प्रत्येक खेपेबरोबर प्रयोगशाळेचा दाखला ठेवा. एक प्रश्न मात्र मेव्हण्याला आधीच विचारा: त्याला बियांचं तेल हवंय की सीबीडी (झाडातलं नशा न आणणारं द्रव्य) तेल? ग्राहक दोन्हीला हेम्प ऑइलच म्हणतात. सीबीडीचं तेल अर्कातून येतं, ते बियांच्या परवान्यात बसत नाही.

साताराकर_पटाया
ताई, वकीलसाहेब, खूप आभार. मेव्हण्याला फोन केला, त्याला सीबीडीच हवं होतं! आणि मावशीचं विचारलं तर ती याची मावशी नाहीच, शेजारीण आहे म्हणे.

सुखुमवित_ताई
मग पैसेही देऊ नका आणि तिच्या नावाच्या कशावरही सही करू नका. त्याला म्हणावं, दुकान तुझं शंभर टक्के, मी माल घेणारा. घाऊक भावाने बियांचंच तेल घ्या, १३ आकडी नंबर तपासून.