कास्तिलिओनेचा 'दरबारी' आज वाचायचा तर कसा?

अर्धविराम_०७

इटालियन लेखक बाल्दासारे कास्तिलिओनेचं 'द बुक ऑफ द कोर्टियर' (म्हणजे 'दरबारी') वाचायला घेतलंय. रेनेसाँसमधल्या (युरोपच्या प्रबोधनकाळातल्या) दरबारी रीतिरिवाजांचा मानदंड म्हणून याचं नाव घेतात, त्यामुळे कसं बोलावं, कसं बसावं, जेवताना काय पाळावं असे नियम मिळतील असं वाटलं होतं. पहिल्या भागात मात्र नुसता वाद आहे. दरबारी खानदानी घराण्यातलाच हवा का, इटालियन भाषा कुठल्या वळणाची लिहावी, चित्रकला श्रेष्ठ की शिल्पकला. एखादा नियम हाती लागतो न लागतो तोच दुसरा कुणीतरी तो खोडून काढतो. इंग्रजी भाषांतर कुठलं घ्यावं? काही भाग गाळला तर चालेल का? आणि यात लेखकाचं स्वतःचं मत कुठलं, हे कसं ओळखायचं?

तळघर

सगळं पुस्तक म्हणजे एका बैठकीतला संवाद आहे, आणि खोडून काढणं हा तिथल्या खेळाचाच नियम आहे. मार्च १५०७, इटलीतल्या उर्बिनोचा राजवाडा. ड्यूक ग्विदोबाल्दो आजारी असल्याने जेवण झालं की झोपायला जातो. मंडळी जमतात डचेस एलिझाबेत्ता गोंझागाच्या दालनात, आणि सूत्रं तिची सखी एमिलिया पिआच्या हातात असतात. बऱ्याच सूचना मागे पडल्यावर फेदेरिको फ्रेगोझोचा खेळ ठरतो: शब्दांनी एक परिपूर्ण दरबारी घडवायचा, आणि जे पटणार नाही त्याला कुणीही आडवं जायचं.

म्हणून एक काम आधी करा. कागदाच्या पट्टीवर मुख्य वक्ते लिहा आणि तीच पट्टी खूण म्हणून वापरा. पहिला भाग लुदोविको दा कानोस्साचा. दुसरा फेदेरिकोचा, त्यातला विनोदावरचा मोठा तुकडा बिब्बिएनाचा. तिसऱ्यात जुलिआनो दे मेदिची राजवाड्यातल्या स्त्रीचं चित्र उभं करतो. चौथा ओत्ताव्हिआनो फ्रेगोझोचा आणि शेवटी पिएत्रो बेम्बोचा. गास्पारे पाल्लाविचिनो जवळजवळ सगळीकडे आहे. बायकांविषयी सगळ्यात कडवट बोलतो तो हाच. त्याचं एखादं वाक्य उचलून 'कास्तिलिओने म्हणतो' असं लिहिणं ही नेहमी होणारी चूक. लेखकाने स्वतःला या बैठकीत ठेवलेलंच नाही, आपण तेव्हा इंग्लंडला होतो असं तो सांगतो. त्याचा थेट आवाज ऐकायचा तर मिगेल दा सिल्वा या पोर्तुगीज बिशपला लिहिलेलं अर्पणपत्र आणि प्रत्येक भागाची प्रस्तावना नीट वाचा. अर्पणपत्रात तो या मंडळींपैकी कोण कोण आता हयात नाही ते सांगतो. पुस्तक छापलं गेलं १५२८ मध्ये, व्हेनिसला. डचेसही तोवर वारली होती. हे लक्षात ठेवून वाचलं की त्या हसण्याखिदळण्याचा सूर पार बदलतो.

भाषांतर: पहिल्या वाचनाला जॉर्ज बुल (१९६७), ओघवतं आहे. मुळाच्या जवळ राहायचं असेल तर चार्ल्स सिंगलटन (१९५९). ऑपडाइकचं १९०३ चं कॉपीराइटमुक्त आहे. टॉमस होबीचं १५६१ चं इंग्रजी सुंदर आहे, पण त्याने सुरुवात केलीत तर दमून जाल.

पानवेल

गाळायचंच असेल तर पहिल्या भागातला भाषेचा वाद पहिल्या फेरीत चाळा. बिब्बिएनाचे विनोदही हळूहळू घ्या, सलग वाचले की कंटाळा येतो. त्यांची मांडणी बरीचशी रोमन वक्ता सिसेरोच्या वक्तृत्वावरच्या ग्रंथातून आलेली आहे.

पण पहिल्या भागातली २६ आणि २७ ही प्रकरणं अजिबात सोडू नका. प्रसिद्ध 'स्प्रेत्झातुरा' तिथे आहे: केलेले कष्ट दिसू न देता, सहज होतंय असं वाटेल अशा रीतीने करणं. लोक २६ वर थांबतात आणि त्याचा अर्थ बेफिकिरी असा लावून मोकळे होतात. पुढच्याच प्रकरणात रोबेर्तो दा बारीचा दाखला येतो. आपलं लक्षच नाही असं भासवायला हा गृहस्थ नाचताना खांद्यावरून झगा आणि पायांतून सपाता खुशाल गळून पडू देतो. बिब्बिएना म्हणतो, हीच ती सहजता. कानोस्सा म्हणतो, छे, हा शुद्ध आव आहे, कारण बेफिकिरी मुद्दाम केलेली दिसतेय. नियम आणि तो कुठे बिघडतो हे असं लागोपाठ येतं.

नोकरी करणाऱ्यांनी दुसऱ्या भागातली २२ ते २४ ही प्रकरणं वाचावीत. धनी दुष्ट निघाला तर चाकरी सोडावी, आणि लाजिरवाणं काम सांगितलं तर ते पाळायला आपण बांधील नाही, इथवर फेदेरिको स्पष्ट आहे. मग अवघड प्रश्न येतो: हुकमापेक्षा बरा उपाय सुचला तर? तिथे क्रासुस या रोमन सेनानीची गोष्ट आहे. भिंत फोडायच्या यंत्रासाठी त्याने दोन डोलकाठ्यांपैकी मोठी मागवली. कामाला छोटीच योग्य म्हणून जाणकार कारागिराने ती पाठवली. क्रासुसने त्याला मरेपर्यंत फटके मारले. फेदेरिकोचा सल्ला असा की, आधी फायदा-तोटा तोला, आणि धन्याचा स्वभाव बघूनच पाऊल उचला.

अर्धविराम_०७

धन्यवाद, पट्टी आजच करतो. मग जेवणाच्या टेबलावरचे नियम कुठे मिळतील?

तळघर

जोव्हान्नी देल्ला काझाचं 'गालातेओ' घ्या, १५५८ चं. छोटं आहे आणि तुम्हाला हवं ते नेमकं त्यात आहे: ताटावर कसं वाकू नये, रुमालात नाक शिंकरून आत बघू नये, वगैरे.

मात्र त्यापायी 'दरबारी'चा चौथा भाग टाळू नका. ओत्ताव्हिआनो तिथे सरळ म्हणतो की नाच, गाणं, पोशाख हे सगळं निव्वळ त्याच्यासाठीच असेल तर ते पोकळ आहे. या गुणांनी राजाचा विश्वास मिळवायचा, तो मिळाला की त्याला खरं सांगायचं आणि चांगल्या मार्गाला लावायचं. आधीचे तीन भाग मला तरी या कसोटीवर पुन्हा वाचावेसे वाटतात. हा हेतू मागाहून चिकटवल्यासारखा वाटतो असंही पुष्कळांचं मत आहे, तुम्हीच ठरवा.

बेम्बोचं प्रेमावरचं भाषण लांबलचक आहे, पण ते संपल्यावर तो भान हरपून उभा असताना एमिलिया त्याच्या झग्याचं टोक ओढून म्हणते की सांभाळा, या विचारांनी तुमचाही आत्मा शरीर सोडून जायचा. तेवढ्यासाठी तरी शेवटपर्यंत जा.

पानवेल

इटालियन येणाऱ्यांसाठी एक जोड. जुन्या आवृत्तीची स्कॅन प्रत उघडण्याआधी साल बघा. १५८४ ची चिक्कारेल्लीने चर्चच्या नियमांप्रमाणे 'शुद्ध' केलेली आवृत्ती आहे, तिच्यात धर्मगुरूंवरचे विनोद कापले-बदलले आहेत. बिब्बिएनाचा भाग त्यातून वाचू नका.